झेब्रा लोचवर पांढरे ठिपके परत परत का येतात?

झेब्रा लोच हा पट्टेरी मासा टँकमध्ये पाळणाऱ्यांकडून थंडी सुरू झाली की हा प्रश्न ठरलेला. "झेब्रा लोचवर पांढरे ठिपके आले, दुकानातून निळं औषध आणलं, चार दिवसांत ठिपके गेले. पंधरा दिवसांनी परत आले. पुन्हा औषध, पुन्हा तेच. दोन मासे गेले, तीन उरलेत. आता काय करू?" विचारणारा कधी पुण्याचा असतो, कधी नाशिकचा, कधी साताऱ्याचा, पण कहाणी तीच. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

घाईत असाल तर उत्तर एवढंच: औषध कोणतंही असो, ते फार लवकर थांबवलं जातंय. आणि पहाटे टँकचं पाणी किती गार होतं हे घरात कुणी पाहिलेलंच नाही. या दोन गोष्टी सुधारल्या की बहुतेकांची तक्रार मिटते. ज्यांची मिटत नाही त्यांच्याकडे तिसरंच कारण असतं, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आधी खरंच इक (पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) आहे का ते बघा

झेब्रा लोच, म्हणजे बोटिया स्ट्रायटा, हा मुळातच विचित्र वागणारा मासा आहे. नवीन माणूस त्याला बघून रोज घाबरतो. तो दगडाला टेकून एका कुशीवर पडून राहतो आणि मेल्यासारखा दिसतो. ती त्याची झोपायची पद्धत आहे. दोन लोच मोठेपणावरून भांडायला लागले की अंगावरचे पट्टे फिके पडतात आणि मासा राखाडी दिसतो. भांडण मिटलं की तासाभरात रंग परत येतो. खाताना किंवा भांडताना टकटक आवाज येतो, तोही त्याचाच. यातल्या कशालाही औषध नको.

इकचे ठिपके बारीक मिठाच्या कणाएवढे, उठावदार आणि पांढरे असतात. फार फार तर १ मिलिमीटर. लोचच्या बाबतीत अडचण अशी की गडद अंगावर मुळातच पिवळट-फिक्या रेघा असतात आणि सुरुवातीचे ठिपके त्यात मिसळून जातात. अंग बघत बसलात तर आठवडा वाया जातो. पर बघा. संध्याकाळी खोलीतला दिवा घालवा, बुडणाऱ्या गोळ्या टाका, सगळे लोच बाहेर आले की काचेच्या बाजूने तिरका टॉर्च मारा. छातीजवळचे पर आणि शेपटी उजेडात आरपार दिसतात, तिथे एक जरी ठिपका असला तरी लपत नाही. खाणं उरकून मासा परत लाकडाखाली शिरायच्या आत हे करायचं, म्हणजे हातात दोन-तीन मिनिटं असतात.

ठिपका नाही, पण मासा वाळूवर अंग घासतोय आणि कल्ले भरभर हलताहेत? तरी इक असू शकतो. तो कल्ल्यांत आधी बसतो, अंगावर नंतर दिसतो. एखाद्या वेळी अंग घासणं मात्र अगदी साधं आहे, प्रत्येक लोच ते करतो. टॉर्चच्या उजेडात सोनेरी धूळ भुरभुरल्यासारखी दिसली तर तो वेगळा परजीवी. कापसासारखे पुंजके दिसले तर बुरशी किंवा जिवाणू. त्या दोन्हींसाठी हा लेख उपयोगाचा नाही.

ठिपके गेले म्हणजे रोग गेला, असं नाही

सगळी मेख इथे आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

इक हा एकपेशी परजीवी आहे, इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस. आपल्याला दिसणारा पांढरा ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली शिरून पोसलेला एक परजीवी. कातडीखाली असेपर्यंत त्याला पाण्यातलं कुठलंही नेहमीचं औषध लागू पडत नाही. पोट भरलं की तो मासा सोडतो, तळाशी जातो, वाळूला, दगडाला, झाडाच्या पानाला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करून आत विभागायला लागतो. एकाचे काही शे, कधी हजारपर्यंत होतात. कवच फुटलं की ही पिल्लं पोहत बाहेर पडतात आणि दोन दिवसांच्या आत त्यांना मासा सापडावा लागतो. नाही सापडला तर ती मरतात.

औषध मारतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणजे तुम्ही बाटली ओतलीत आणि तिसऱ्या दिवशी ठिपके गायब झाले, तेव्हा औषधाने ठिपके घालवलेले नसतात. ते आपणहून गळून तळाशी गेलेले असतात, आणि नेमकं त्याच वेळी वाळूत त्यांची वीण चालू असते. मासा स्वच्छ दिसतो, घरातले खूश होतात, औषध बंद होतं, औषध शोषून घेणारा कार्बन (कोळसा) परत फिल्टरमध्ये जातो. त्यानंतर कवचं फुटतात.

हे सगळं चक्र पूर्ण व्हायला किती दिवस लागतात ते पाण्याच्या तापमानावर ठरतं. २५-२६ अंशांना साधारण चार ते सहा दिवस. १५ अंशांच्या आसपास दोन आठवडे. १० च्या खाली महिन्याच्याही पुढे. दुकानात सांगितलेला 'तीन दिवसांचा कोर्स' उन्हाळ्यातसुद्धा अपुरा पडतो. डिसेंबरमध्ये हीटरशिवायच्या टँकमध्ये तर तो म्हणजे निव्वळ औषध वाया घालवणं.

एक गैरसमजही जाता जाता. 'इक पाण्यात कायम असतोच, मासा अशक्त झाला की वर येतो' असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. तसं नाही. मासे नसलेल्या टँकमध्ये इक महिनोनमहिने दबा धरून बसू शकत नाही, त्याला जगायला मासाच लागतो. मात्र एकदा आजारातून वाचलेल्या माशाला काही प्रमाणात प्रतिकारशक्ती येते. अशा माशाच्या कल्ल्यांत दोन-चार परजीवी राहिले तर बाहेरून काहीच दिसत नाही, आणि रोग मागच्या दाराने चालू राहतो. 'कायम असतोच' असं वाटतं ते यामुळे. पूर्ण उपचार केला तर टँक खरोखर रिकामा होतो.

पहाटे पाचचं पाणी

झेब्रा लोचला २३ ते २७ अंशांचं पाणी मानवतं. आपल्याकडे दिवसा बहुतेक वेळ तेवढंच असतं, म्हणून पुण्या-मुंबईत हीटर ही चैन समजली जाते. मुंबईत एक वेळ चालून जाईल. घाटावर नाही.

सांगलीच्या एका मित्राच्या घरी हे नीट बघायला मिळालं. बाहेरच्या खोलीत दोन फुटी टँक, पाच लोच, चार चेरी बार्ब. पाणी निर्मळ, अमोनिया शून्य, खाणं व्यवस्थित. तरी दर महिन्याला ठिपके. संध्याकाळी थर्मामीटर २५ दाखवत होता आणि तो म्हणत होता, "बघ, ठीक आहे की." किमान आणि कमाल तापमान लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर रात्रभर लावला. सकाळी त्यावर किमान १९ आलं होतं. खिडकी टँकच्या मागेच, आणि कुत्र्याला बाहेर-आत करता यावं म्हणून ती रात्रभर अर्धी उघडी. वर रविवारी सकाळी उठल्या उठल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट पाइपने टँकमध्ये. जानेवारीत सकाळी सातला गच्चीवरचं पाणी कसलं असतं ते अंघोळ करणाऱ्याला विचारा.

पाच-सहा अंशांचा असा रोजचा हिंदोळा माशाला थकवतो आणि त्याची प्रतिकारशक्ती खाली आणतो. एरवी कल्ल्यांत चार परजीवी घेऊन जगणारा मासा मग चाळिसांचा यजमान होतो. थंडी इक आणत नाही. आधीच असलेल्याला ती मोकळं रान देते.

त्या मित्राकडे औषध आणण्याआधी खिडकी बंद झाली, टँकच्या मागे आणि दोन्ही बाजूंना थर्माकोल लागला आणि १०० वॉटचा हीटर आला. लिटरला साधारण १ वॉट हा हिशेब घरगुती टँकला पुरतो. हीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. २६ वर लावलेला हीटर २४ किंवा २९ देतो, हे नेहमीचं आहे. थर्मामीटर बघून फिरकी जुळवा. आणि लोच असतील तर हीटरला प्लॅस्टिकची जाळी हवीच. या माशाला अरुंद फटीत घुसायची इतकी हौस असते की तो काच आणि हीटर यांच्यामध्ये शिरून झोपतो, आणि सकाळी कुशीवर भाजल्याचा पांढरा चट्टा दिसतो. मग तो चट्टाही रोग समजून औषध ओतलं जातं!

पाणी बदलण्याचं सोपं आहे. आदल्या संध्याकाळी बादल्या भरून घरातच ठेवा, अँटिक्लोरीन घाला, दुसऱ्या दिवशी थर्मामीटर बुडवून बघा. एका अंशाच्या आत फरक असेल तर घाला, नाहीतर थोडं गरम पाणी मिसळा. हाताच्या अंदाजावर जाऊ नका. दोन-तीन अंशांचा फरक बोटांना कळत नाही.

उपचार: उष्णता की औषध

दोन्ही एकदम नको. तापमान वाढलं की मॅलकाइट ग्रीनसारखं औषध माशाला जास्त बाधतं, आणि पाण्यातला प्राणवायूही कमी होतो. २५ अंशांना लिटरमध्ये सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळणारा प्राणवायू ३० अंशांना साडेसातवर येतो. कल्ले आधीच परजीवींनी भरलेल्या माशाला हा फरक जाणवतो.

माझी पहिली पसंती उष्णतेला, कारण लोच औषधाला नाजूक असतो. 'लोचला खवले नसतात' असं म्हणतात ते खरं नाही. खवले असतात, पण अगदी बारीक आणि कातडीत रुतलेले, त्यामुळे औषध अंगात लवकर भिनतं. दिवसाला दोन अंशांपेक्षा जास्त नाही अशा बेताने पाणी ३० पर्यंत न्या आणि तिथे १० ते १४ दिवस ठेवा. त्या तापमानाला बहुतेक इकची वीण अडते. एअर पंप चोवीस तास चालू, शक्य असेल तर त्याला बुडबुडे सोडणारे दोन दगड (एअर स्टोन). फिल्टरचं तोंड पाण्याच्या पातळीवर आणून पृष्ठभाग ढवळता ठेवा. मासे वर येऊन धापा टाकायला लागले तर तापमान एक अंश उतरवा. सोबत गारव्यातले मासे असतील, उदाहरणार्थ गोल्डफिश, तर ही पद्धत सोडा. तसंही गोल्डफिश आणि झेब्रा लोच एका टँकमध्ये ठेवण्यात काही अर्थ नाही.

३० अंशांनाही तग धरणारा इक अधूनमधून भेटतो. पाचव्या-सहाव्या दिवशी ठिपके कमी होण्याऐवजी वाढत असतील तर तोच समजा. मग पाणी २६ वर आणून औषध सुरू करा.

औषध घालायचं तर टँकमध्ये पाणी किती आहे ते आधी मोजा. अर्धे मासे इथेच मरतात. लांबी, रुंदी, उंची इंचांत गुणा आणि ६१ ने भागा, लिटर मिळतात. २४ × १२ × १५ चा टँक ७० लिटरचा म्हणून विकला जातो. पण पाणी १३ इंचांपर्यंतच भरलेलं असतं, म्हणजे ६१ लिटर. त्यातून वाळू, दगड, लाकूड यांचे दहा-पंधरा टक्के वजा केले की हातात उरतात ५२ ते ५५ लिटर. ७० लिटरचा डोस ५३ लिटरमध्ये घातला तर तो तीस टक्के जास्त होतो, आणि लोचला तर बाटलीवरच्या डोसच्या निम्माच द्यायचा असतो.

मॅलकाइट ग्रीन किंवा ते आणि फॉर्मलिन एकत्र असलेलं औषध इकवर चालतं. निम्मा डोस, एक दिवसाआड, प्रत्येक डोसच्या आधी पाव टँक पाणी बदलून. फिल्टरमधला कार्बन काढा, नाहीतर तो औषध शोषून घेतो आणि तुम्ही उगाच 'औषधात दम नाही' म्हणाल. हातमोजे घाला, दोन्ही रसायनं अंगाला चांगली नाहीत. तांबं असलेलं औषध लोचच्या टँकमध्ये अजिबात नको. दुकानातलं नेहमीचं निळं, म्हणजे मिथिलीन ब्लू, इकवर फारसं परिणामकारक नाही, आणि फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना त्रास देतं ते वेगळंच.

मीठ हा मधला मार्ग. जाडं मीठ लिटरला १ ग्रॅम, आधी मगभर पाण्यात विरघळवून. दुसऱ्या दिवशी मासे ठीक असतील तर आणखी १ ग्रॅम. लोचला त्याच्या पुढे नेऊ नका. मीठ उडून जात नाही, त्यामुळे जेवढं पाणी बदललं तेवढ्याच पाण्याचं मीठ परत घालायचं. व्हॅलिसनेरियासारखी झाडं यात मान टाकतात, ती आधी काढून घ्या.

पद्धत कुठलीही असो, तळ रोज सायफनने ओढा. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून कुणी करत नाही, पण वीण वाळूतच होते हे लक्षात घेतलं की त्याची किंमत कळते. प्रत्येक वेळी तळातून गाळ ओढताना त्या कवचांपैकी काही बादलीत जातात. मोठी खडी असेल तर उपचारापुरती निम्मी काढून ठेवा. आणि शेवटचा ठिपका दिसला त्या दिवसापासून मोजून पुढे किमान आठवडाभर उपचार चालू ठेवा, पाणी २४ च्या खाली असेल तर दोन आठवडे. कॅलेंडरवर खूण करा. डोळ्यांवर विसंबू नका.

तरीही परत येतंय?

मग दोन शक्यता. पहिली, मासा आतून पोखरलेला आहे. झेब्रा लोच घरच्या टँकमध्ये सहसा वीण करत नाही. दुकानात येणारे बहुतेक नदीतून पकडलेले असतात आणि पोटात जंत घेऊन येतात. मासा खातो पण भरत नाही. वरून बघितलं तर डोक्यामागे पाठ सुरीच्या पात्यासारखी निघालेली, पोट आत. असा मासा इकमधून दरवेळी कसाबसा उठतो आणि पुढच्या थंडीत परत पडतो. त्याला इकचं औषध देऊन मूळ दुखणं जाणार नाही.

यावर शौकीन मंडळी वापरतात ते लिव्हॅमिसॉल. शेळ्या-कोंबड्यांच्या जंतांसाठी म्हणून पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात ते मिळतं. पण लेबल नीट वाचा. गुरांसाठीच्या बऱ्याच बाटल्यांत त्यासोबत ऑक्सिक्लोझानाइड मिसळलेलं असतं, ते नको. नुसतं लिव्हॅमिसॉल हायड्रोक्लोराइड हवं. लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे वरच्या ५३ लिटरच्या टँकला साधारण १०६ मिलिग्रॅम. एवढं घरच्या चमच्याने मोजता येत नाही. पावडरमध्ये मूळ औषध किती टक्के आहे ते धरून हिशेब करा आणि सोनाराकडच्यासारख्या काट्यावर तोलून घ्या. दिवा बंद, चोवीस तास, मग अर्ध्याहून जास्त पाणी बदला आणि तळ पूर्ण ओढा, कारण जंत मरत नाहीत, लुळे पडून बाहेर येतात आणि वाळूत पडलेले दुसरा मासा खाऊ शकतो. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. इकचा उपचार चालू असताना हे करू नका. आधी इक संपवा, मासा आठवडाभर सावरू द्या. ओळखीचा पशुवैद्य असेल तर त्याला विचारून केलेलं बरं.

दुसरी शक्यता अधिक साधी. तुम्हीच तो परत आणताय. एक लोच गेला की 'कळप कमी झाला' म्हणून दुकानातून दुसरा आणला जातो आणि पिशवी अर्धा तास तरंगवून थेट सोडली जाते. दुकानात झेब्रा लोच ज्या टँकमध्ये असतात तिथे दर आठवड्याला नवीन माल येतो, जाळी सगळ्या टँकना एकच. नवीन मासा वेगळ्या टबमध्ये तीन-चार आठवडे ठेवा. वीस लिटरचा टब, स्पंज फिल्टर, हीटर आणि दोन पीव्हीसी पाइपचे तुकडे, एवढं पुरतं. जाळी आणि सायफन वेगळे. झाडं आणि गोगलगाई मासे असलेल्या टँकमधून आल्या असतील तर त्याही आठवडाभर बाजूला. लोच गोगलगाई आवडीने खातो म्हणून लोक ओळखीच्याकडून मूठभर आणून टाकतात, तेवढं ओलं सामान परजीवीला पुरतं.

पकडताना आणखी एक. लोचच्या डोळ्याखाली एक दुहेरी काटा असतो, घाबरला की तो उभा करतो. तो जाळीत अडकतो आणि ओढून काढताना कातडी फाटते, मग तिथेच संसर्ग. जाळीऐवजी मोठा प्लॅस्टिकचा मग वापरा, किंवा तो ज्या पाइपात बसलाय तो पाइपच दोन्ही तोंडांवर हात ठेवून उचला.

'गेला तर दुसरा आणू' हे इथे नको

निऑन टेट्राच्या बाबतीत मी हे लिहिलं नसतं. ते मत्स्यशेतीत लाखोंनी वाढवले जातात. झेब्रा लोच सह्याद्रीचा आहे. १९२० साली प्राणिशास्त्रज्ञ नारायण राव यांनी शिमोग्याजवळच्या तुंगेतून त्याचं वर्णन केलं. कृष्णेच्या खोऱ्यात, महाराष्ट्र आणि कर्नाटकात घाटाच्या अंगाने तो सापडतो, आणि कोल्हापूरच्या माशांचा अभ्यास करताना १९५६ मध्ये त्याचा 'कोल्हापुरेन्सिस' म्हणून एक प्रकारही नोंदला गेला होता. जगात इतरत्र कुठेही तो नाही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो 'धोक्यात' या वर्गात आहे. नद्यांचं प्रदूषण, गाळ, वाळूउपसा आणि त्यावर शोभिवंत माशांसाठीची पकड. २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यातल्या ३० जातींचे किमान १५ लाख गोड्या पाण्याचे मासे परदेशी गेल्याचं संशोधकांनी मांडलं, त्यात या माशाचा वाटा मोठा होता. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातली विक्री त्यात धरलेलीच नाही.

तेव्हा दर हिवाळ्यात दोन मरतात आणि दोन आणतो, असं चालू असेल तर मधल्या काळात आणणं थांबवा. आधी टँक एक पूर्ण थंडी ठिपक्यांशिवाय काढू दे. पाचाचा कळप तीनवर आला म्हणून मासे त्या आठवड्यात मरत नाहीत. ते थोडे बुजतात, लपायच्या जागा वाढवल्या की सावरतात.

आणि वैतागून उरलेले पंचगंगेत किंवा कुठल्याही नदीत सोडू नका. 'तिथलाच तर आहे, घरी गेला' हे ऐकायला बरं वाटतं. पण तो मासा दुकानाच्या टँकमध्ये थायलंडच्या आणि दक्षिण अमेरिकेच्या माशांशेजारी राहून आलेला असतो. तिकडचं काय घेऊन तो नदीत उतरेल ते सांगता येत नाही. ठेवणं जमत नसेल तर ज्याला जमतं अशा माणसाला द्या.

राहिलेले प्रश्न

दिवसातून दोनदा वीज जाते, उष्णतेचा उपचार कसा करू? दोन तासांपर्यंत थर्माकोल आणि वरून चादर पुरते. त्याहून जास्त जात असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप आधी घ्या. ३० अंशांच्या पाण्यात हवा बंद पडणं हे तापमान उतरण्यापेक्षा घातक आहे. रोज चार-पाच तास वीज नसेल तर उष्णतेच्या नादी लागू नका, निम्म्या डोसचं औषध बरं.

फक्त लोचवरच ठिपके आहेत, बाकीच्यांवर नाहीत. लोच वेगळे काढून उपचार करू? नको. बाकीच्यांच्या कल्ल्यांत तो असणारच, आणि वाळूत तर आहेच. सगळ्या टँकचा उपचार करा. उलट चालेल: सगळे मासे टबमध्ये हलवून उपचार करायचा आणि मुख्य टँक २६ अंशांना दोन आठवडे माशांशिवाय चालू ठेवायचा. तेवढ्यात तिथला इक उपाशी मरतो. फिल्टर चालू राहू द्या आणि चिमूटभर खाणं टाकत राहा, म्हणजे जिवाणू टिकतील.

उपचारानंतर पाणी धुरकट झालं, मासे सुस्त आहेत. अमोनिया तपासा. औषधाने फिल्टरचा काही भाग मारलेला असू शकतो. आठवडाभर खाणं निम्मं करा, रोज पाव टँक पाणी बदला आणि कार्बन घाला. हे पाणीही आदल्या संध्याकाळी भरून ठेवलेलंच.